चौथ्या रांगेतली चाकं

९ फेब्रुवारी

बाबा,

आधी वर 'तीर्थरूप' लिहिलं होतं. मग वाटलं, तेवढा एक शब्द वाचून तुम्ही कागद आत्याकडे सरकवाल आणि म्हणाल, बघ, काम पडलं म्हणून आठवण आली. म्हणून नवा कागद घेतला. आणि खरं सांगायचं तर काम पडलं म्हणूनच आठवण आली आहे.

फोन केला की आत्या उचलते आणि मागून तुमचं खाकरणं ऐकू येतं, यापलीकडे आपलं बोलणं नाही. त्याबद्दल आज काही लिहीत नाही. मला एक प्रश्न पडला आहे, आणि तो विचारावा असा दुसरा माणूस माझ्या ओळखीत नाही. कागद गिरणीत तुमच्या हाताखाली जन्मभर माणसं कामाला होती. ती का काम करायची?

पगारासाठी, असं तुम्ही म्हणाल. तेवढ्यावर भागलं असतं तर मी लिहिलंच नसतं.

मी आता सायकलच्या कारखान्यात आहे. जोडणीच्या हॉलमध्ये पाच रांगा आहेत. एका टोकाला नुसता सांगाडा येतो, तो हातोहात पुढे सरकतो, कोणी चाक बसवतं, कोणी पेडल, कोणी ब्रेकची तार ओढतं, आणि दुसऱ्या टोकाला सायकल निघते. पाचही रांगांना नट आवळायचे पाने तेच, पगार तोच, चहाची सुट्टी तीच. तरी चौथ्या रांगेतून इतरांपेक्षा जास्त सायकली निघतात आणि तपासणीतून सगळ्यात कमी परत येतात. हे एक-दोन दिवसांचं नाही. मी यायच्या आधीपासून असंच चाललं आहे, आणि का ते कोणाला माहीत नाही. मॅनेजरसाहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "कारण शोधा. सापडलं की पाचही रांगांना लावू." मी अजून कच्ची आहे, पावसाळ्यापर्यंत कायम करायचं की नाही ते ठरेल. हे कारण सापडणं म्हणजे माझी परीक्षाच आहे असं समजा.

मी तुमच्याच गिरणीतली नोकरी सोडली तेव्हा म्हणाले होते, तिथे माझा जीव रमत नाही. तुम्ही म्हणाला होतात, "जीव रमवायला बाग असते. ही गिरणी आहे." तेव्हा मला राग आला होता. आता मला खरंच जाणून घ्यायचं आहे की जीव रमण्याचा आणि हात चालण्याचा काही संबंध असतो का. भांडायला विचारत नाही.

तुमची धाकटी


२६ फेब्रुवारी

बाबा,

आत्या म्हणाली, तुम्ही पत्र वाचलंत, घडी घातलीत आणि 'पंखे बघ म्हणावं तिला' एवढंच बोललात. मी तेवढ्यावर खूश आहे.

पंखे बघितले. सगळ्यात चांगले पंखे दुसऱ्या रांगेवर आहेत. चौथ्या रांगेवरचा एक तर फिरताना असा कण्हतो की खाली उभं राहिलं तर आपल्यालाच वाईट वाटतं. मग उजेड बघितला. चौथी रांग भिंतीकडे आहे, खिडकीपासून लांब. मग वाटलं, सुपरवायझर कडक असेल. तर तो बिचारा इतका मऊ आहे की ओरडायचं ठरवून आला तरी शेवटी चहाच विचारतो. नंतर वाटलं, तरणी माणसं असतील. तर रांगेतल्या मावशींचे केस पांढरे आहेत, आणि मास्तरांनी शाळेत शिकवणं सोडून इथे ब्रेक बसवायला घेतले तेव्हाच त्यांना चष्मा होता. तिसरा उंच्या. तो तरणा आहे खरा, पण तो सगळ्यात हळू चालतो.

एक अडचण अशी की मी जाऊन उभी राहिले की पाचही रांगा पळायला लागतात. माझ्याकडे बघून काम करतात, तर मी काम बघणार कसं? म्हणून आता मी हॉलमध्ये कमी जाते आणि जेवणाच्या खोलीत जास्त बसते. तिथे कोणी पळत नाही.

आता गंमत ऐका. वर्षातून एकदा इथे सगळ्यांना एक कागद देतात. 'तुम्ही कामावर समाधानी आहात का?' खाली पाच तोंडं काढलेली, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. लागू असेल त्या तोंडावर खूण करायची. मला वाटलं, आता कोडं सुटलं, चौथ्या रांगेची तोंडं हसरी असणार. बाबा, दुसऱ्या रांगेची सगळी हसरी निघाली, आणि तिचं काम सगळ्यात कमी आहे. चौथ्या रांगेत जवळजवळ सगळी रडकी. शिवाय मास्तरांनी कागदाच्या मागे बारीक अक्षरात तक्रारी लिहिल्यात: ब्रेकची तार निकृष्ट येते, रिम वाकड्या येतात, स्पोक ताणायची चावी झिजली आहे, नवी मागून वर्ष झालं.

दुसऱ्या रांगेची एकही तक्रार नाही. पंखे छान आहेत, सुपरवायझर वेळेवर सोडतो, ती माणसं खरोखर सुखी आहेत. मग काम का होत नाही? आणि ही कुरकुरणारी माणसं इतकं कशाला करतात?

मी मास्तरांना विचारलं, एवढा त्रास आहे तर रडकं तोंड करून गप्प का बसत नाही, लिहिता कशाला? ते म्हणाले, "वाकडी रिम माझ्या हातात येते ना. मग बोलणार नाही तर काय?"

म्हणजे खुशीत असणं वेगळं, आणि कामात असणं वेगळं. असं असेल का? तुमच्या गिरणीत सगळ्यात जास्त कुरकुर कोण करायचं, आठवतंय का?

तुमची धाकटी


१५ मार्च

बाबा,

सापडलं.

मी कामाची कार्डं वाचत होते. कोणी कुठे उभं राहायचं ते त्यावर असतं. मावशींच्या कार्डावर 'पेडल' आहे. मी तर त्यांना रोज चाकावर बघते. चाक जोडल्यावर ते फिरवून बघायचं, डुलत असेल तर त्या त्या ठिकाणचे स्पोक आवळून किंवा सैल करून ते सरळ करायचं. याला इथे 'आऊट काढणं' म्हणतात. मावशी चाक फिरवतात, बोटाचं नख रिमला हलकं लावतात आणि डोळे मिटतात. नखावर टकटक झाली की तिथे आऊट. कार्डाप्रमाणे हे काम उंच्याचं आहे.

मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारलं. त्या म्हणाल्या, "कार्डावर मी पेडलवर आहे. चाकावर मी माझ्या मनाने आहे."

हळूहळू सगळं बाहेर आलं. उंच्याला चाकाचा कंटाळा यायचा, दिवसभर एका जागी बसून गोल गोल बघायला लागलं की त्याला झोप यायची. त्याला तयार सायकली पेटीत भरायला आवडतं, कारण तिथे चालणं आहे, उचलणं आहे, गाडीवाल्यांशी दोन शब्द बोलणं आहे. मास्तरांना ब्रेक आवडतात. ते म्हणतात, शाळेत बरोबर शिकवलं की नाही ते कळायला वीस वर्षं लागायची, इथे तार ओढली की लगेच कळतं. अशी त्यांनी आपसात कामं बदलून घेतली आहेत. एखाद्याचं डोकं दुखत असलं, घरी काही झालेलं असलं, की त्या दिवशी पुन्हा बदलतात. सकाळी येतात, एकमेकांची तोंडं बघतात, आणि कोण कुठे ते ठरतं. सुपरवायझरला माहीत आहे. तो तेव्हा नेमका पंखा बघत असतो. एवढंच, बाबा. ना पंखे, ना उजेड.

मी मावशींना विचारलं, हे वर सांगू का? त्या म्हणाल्या, "तू विचारलंस म्हणून मी सांगितलं. सांगू नकोस असं म्हणत नाही. पण सांगितलंस तर चाक जाईल माझं."

मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. विचार करते आहे.

आत्या म्हणाली, तुम्ही हल्ली टपालवाला आला की दार उघडायला स्वतः उठता. ती वाटेल ते सांगते, मला माहीत आहे.

तुमची धाकटी


२० एप्रिल

बाबा,

मागच्या पत्रात लिहिलं की कोणाला सांगितलं नाही. ते खरं नव्हतं. ते पत्र टपालात टाकलं त्याच सकाळी मी साहेबांच्या खोलीत जाऊन आले होते. तुम्ही वाचून काय म्हणाल याची भीती वाटली, म्हणून तसं लिहिलं.

त्यांना सांगताना मला फार आनंद झाला होता, हेही लिहून टाकते. गणित सुटल्यासारखा आनंद. साहेब माणूस वाईट नाही. ते उठून उभे राहिले, म्हणाले, इतकी साधी गोष्ट आणि आमच्या लक्षात आली नाही. कोणाला शिक्षा केली नाही, उलट चौथ्या रांगेचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. आणि लगेच नियम काढला: पाचही रांगांत कामांची अदलाबदल करायची. भिंतीवर मोठा तक्ता लागला. दर सोमवारी प्रत्येकाने एक जागा पुढे सरकायचं. कोणाला कंटाळा येणार नाही, सगळ्यांना सगळं येईल, काम वाढेल.

तक्त्याप्रमाणे मावशी एक आठवडा चाकावर होत्या. मग चेनवर गेल्या, मग घंटीवर. मास्तर पेट्या उचलतात आणि कमरेला पट्टा बांधून येतात. उंच्या पुन्हा चाकावर गेला आणि पुन्हा झोपायला लागला. त्याने दुसऱ्या सोमवारी तक्ता बघितला, तिसऱ्या सोमवारी आलाच नाही. फर्निचर पोचवणाऱ्यांकडे लागला आहे म्हणतात. तिथे त्याला भरपूर चालायला मिळत असेल, अशी मी माझी समजूत घालते.

चौथ्या रांगेचं काम घसरलं. तिसऱ्या रांगेच्याही खाली गेलं. साहेबांना वाटतं, त्यांचं कौतुक झालं म्हणून ते शेफारले. आता ही रांगच मोडून तिची माणसं बाकीच्या चार रांगांत वाटून टाकायची असा त्यांचा विचार आहे. मेअखेर ठरवतील.

मला सगळ्यात विचित्र काय वाटलं सांगू? चौथ्या रांगेची कुरकुर थांबली. वाकडी रिम आली तर ती तशीच पुढे जाते. मी मास्तरांना म्हटलं, रिम बघितलीत का? ते म्हणाले, "या आठवड्यात मी रिमवर नाही."

मावशी माझ्यावर रागावल्या नाहीत. भेटल्या की हसतात. आधी असं हसत नव्हत्या.

मी अदलाबदल सांगितली, अदलाबदलच सुरू झाली, मग झालं काय? गोष्ट तीच असून उलटी का पडली? मी रात्रंदिवस हेच घोळवते आहे. तुम्ही गिरणीत असतात तर काय केलं असतं? या वेळी आत्याकडून निरोप नको. जमलं तर तुम्हीच लिहा.

धाकटी


१२ मे

बाबा,

तुमचं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर बघून मी ते आधी टेबलावर ठेवलं आणि हात धुऊन आले. का, ते मलाही माहीत नाही.

आत एवढंच: 'तू पंखे बघितलेस, उजेड बघितलास, कार्डं बघितलीस, साहेबाला सांगितलंस. नियम काढायच्या आधी त्या माणसांना कोणी विचारलं का? तक्ता त्यांच्या गरजेचा आहे का ते त्यांना विचार. मग साहेबाकडे जा. घाबरू नको. तब्येत सांभाळ.'

मी दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या खोलीत गेले. सगळे डबे उघडून बसले होते. मी म्हटलं, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, मी विचारायला आले आहे. तुम्हाला काय हवंय? मास्तर म्हणाले, "बक्षीस नको, कौतुक नको. तो तक्ता काढा."

मी म्हटलं, तक्त्यातही अदलाबदलच आहे. तेव्हा मावशींनी घास खाली ठेवला. "आधी सकाळी मास्तर माझ्याकडे बघायचे, आज हात दुखतोय का म्हणून. आता सगळे भिंतीकडे बघतात."

त्या क्षणी मला माझी चूक कळली. साहेबांना मी जे सांगितलं त्यात अदलाबदल होती, पण ती माणसं नव्हती.

मग साहेबांकडे गेले. मी त्यांना म्हटलं, मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. ही माणसं नुसत्या जागा बदलतात म्हणून काम चांगलं होतं, असं नाही. कोणी कुठे उभं राहायचं ते स्वतः ठरवतात, म्हणून होतं. आपण जागा बदलणं ठेवलं आणि ठरवणं काढून घेतलं. ते म्हणाले, मग उद्या सगळेच म्हणतील आम्ही ठरवतो, मी कशाला आहे? मी म्हटलं, स्पोकची चावी आणायला. तोंडून निघून गेलं, बाबा. मला वाटलं, संपली नोकरी.

पण ते म्हणाले, चौथ्या रांगेवरचा तक्ता काढा, पावसाळा संपेपर्यंत बघू. सुधारलं नाही तर रांग मोडायची, आणि तुमचंही तेव्हाच ठरवू. म्हणजे आता मी आणि चौथी रांग एकाच गाडीत बसलो आहोत.

तुम्ही लिहिलंत. बरं वाटलं. जास्त लिहीत नाही.

तुमची धाकटी


३० सप्टेंबर

बाबा,

तुम्ही इथून घरी पोचलात, आत्याने कळवलं. गाडीत खिडकीची जागा मिळाली हेही कळवलं. बाकी तुम्ही तिला काय सांगितलंत ते ती सांगत नाही. म्हणजे बरंच सांगितलं असणार.

तुम्ही इथे असताना मी कामाचं फार बोलले नाही, ते आता लिहिते. चौथी रांग सावरली. पूर्वीइतकी नाही. उंच्याच्या जागी आलेली मुलगी चांगली आहे, पण सकाळी एकमेकांची तोंडं वाचायला तिला अजून वेळ लागेल. नवी चावी आली, आणि तिसऱ्याच दिवशी मास्तरांनी तक्रार केली की मूठ गुळगुळीत आहे, हातातून सटकते. मला इतका आनंद झाला की मी ती तक्रार दोनदा वाचली. साहेबांनी रांग मोडली नाही. मला कायम केलं, पण 'तुमचं बोलणं जरा तिखट आहे' असंही ऐकवलं.

आम्ही बाकीच्या रांगांनाही विचारलं. पहिली आणि पाचवी म्हणाल्या, आम्हाला ठरवू द्या. त्यांचं थोडं वाढलं आहे. तिसरीला तक्ताच आवडला, रोज सकाळी वाद नको म्हणाले. आणि दुसऱ्या रांगेने सांगितलं, आम्हाला काहीच नको, फक्त वेळेवर सोडा. त्यांचं काम होतं तेवढंच आहे. एका बाईला मी पुन्हा विचारलं तर म्हणाली, तिचा जीव संध्याकाळी गाण्याच्या वर्गात असतो, इथे ती फक्त हात घेऊन येते. मला तिचं काही चुकतंय असं वाटेना. म्हणजे मी शोधायला निघाले होते ते एक कारण मला सापडलंच नाही. साहेबांना मी तसं सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही, पण पटलं असावं.

आता तुमच्याबद्दल.

तुम्ही म्हणालात, कानाच्या डॉक्टरला दाखवायला आलो आहे, जाता जाता तुझा कारखाना बघतो. डॉक्टरकडे तुम्ही गेलाच नाहीत.

हॉलमध्ये तुम्ही चौथ्या रांगेपाशी थांबलात. मावशींनी तुम्हाला चाकाला नख लावून बघायला दिलं. मी साहेबांच्या निरोपासाठी बाजूला गेले, आणि परत आले तेव्हा मास्तर तुम्हाला विचारत होते, "तुमच्या गिरणीत तुम्हाला काय आवडायचं?" मला वाटलं, तुम्ही पुन्हा तेच म्हणाल, जीव रमवायला बाग असते. मी मागेच थांबले.

तुम्ही बोललात. ओला कागद रोलरवर चढताना नेहमी फाटतो, दोनदा फाटतो, चारदा फाटतो, आणि मग एकदा न फाटता चढतो. तेव्हा सगळ्या यंत्राचा आवाज बदलतो. आधी ते खोकत असतं, मग एकदम गुणगुणायला लागतं. तुम्ही म्हणालात, "तो आवाज चुकू नये म्हणून मी घरून लवकर निघायचो. घरी सांगायचो, साहेब बोलावतो." मास्तर हसले, मावशी हसल्या. तुम्ही दोन्ही हात पसरून कागद कसा येतो ते दाखवत होतात. मी तुम्हाला इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. लहानपणापासून मी तुम्हाला अंधारात बूट घालताना बघितलं आहे. मला वाटायचं, या माणसाला नाइलाजाने जावं लागतं.

मग मला मी सोडलेली नोकरी आठवली. भांडाराची खोली, लोखंडी कपाटं, आणि कुठून तरी लांबून येणारी घरघर. मी तिथे होते तोवर यंत्राच्या हॉलमध्ये एकदाही गेले नाही. तुम्ही नेलं नाही, मी विचारलं नाही. आणि मी तुम्हाला म्हणाले की गिरणीत माझा जीव रमत नाही. मी गिरणी बघितलीच नव्हती. तुम्हाला ते कसं ऐकू आलं असेल, हे मला त्या हॉलमध्ये तुमच्या पाठीमागे उभी असताना कळलं.

स्टेशनवर मी तुम्हाला विचारलं, मला आत का नेलं नाहीत? तुम्ही पिशवीचा बंद बांधत होतात. म्हणालात, "आत ओल असते. तुझी छाती लहानपणापासून नाजूक. तुझ्यासाठी मी तिथली सगळ्यात कोरडी खोली मागून घेतली होती."

तेवढ्यात गाडी सुटली.

बाबा, आत्या म्हणते गिरणी अजून चालू आहे, आणि फाटकावरचा माणूस तुम्हाला ओळखतो. मी पुढच्या महिन्यात सुट्टी घेऊन येते आहे. सकाळी लवकर निघू. स्वेटर घालेन, मफलर गुंडाळेन, तुम्ही म्हणाल तसं. पण मला आत न्या.

तुमची धाकटी